बेचाळीसचा कौल

रामनगरात मला खोली मिळायला उशीर लागला, कारण देवी बोलत नव्हती.

मराठी शाळेत रुजू झाल्यावर मी बाजाराच्या मागच्या आळीत एक खोली पाहिली होती. दारात फणस, नळाला पाणी, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. मला खोली पसंत पडली, मालकांना मी पसंत पडले. उद्या सामान आणते म्हटल्यावर मालक म्हणाले, "विचारून सांगतो." मला वाटलं, बायकोला विचारणार असतील. बायको तर शेजारीच उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

मालक देवीला विचारणार होते. तिकडे गावदेवीला कौल लावायची पद्धत आहे. गुरव देवीच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, जमिनीचा वाद असल्या मोठ्या कामांना लोक कौल लावतात. मालक तो भाडेकरू ठेवायलाही लावत. माझ्या वेळी दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. देवी विचार करतेय, असा त्याचा अर्थ. तोवर मी मुख्याध्यापकांच्या घरी त्यांच्या सासूबाईंच्या खोलीत झोपत होते आणि सासूबाई पहाटे उठून स्तोत्रं म्हणत होत्या. शेवटी उजवी पडली. मालक स्वतः हातगाडी घेऊन माझं सामान न्यायला आले आणि म्हणाले, "बाई, आता तुमी जाते म्हटलं तरी मी जाऊ देणार न्हाई."

मालकांचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कोयते, पाण्याचे पाइप, कुंपणाची तार. कुंभारवाड्याकडचे, नंदिगद्द्याकडचे शेतकरी त्यांच्याकडे येत. दुसऱ्याच्या बाबतीत हा माणूस एका क्षणात निकाल द्यायचा. कुणाला कुठला पंप लागेल, कुणाच्या मुलानं शिकावं आणि कुणाच्या मुलानं शिकून उपयोग नाही, हे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते सांगत. मात्र स्वतःला चप्पल घ्यायची असली की त्यांचं घोडं अडायचं. "मी कोण ठरवणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते ते मोठ्या समाधानानं म्हणत.

त्यांच्या बायकोला सगळी आळी अक्का म्हणायची. तीही कौलानंच आलेली. मालकांनी दोन मुली पाहिल्या होत्या, एक खानापूरची आणि एक ही. देवीनं हिला उजवी दिली. अक्काला यावरून चिडवलं की ती म्हणायची, "मला देवीनं पसंत केलंय. ह्यांनी नुसतं आणलं." मालकांना यात चेष्टा दिसायची नाही. ते म्हणायचे, "मग? माझ्या पसंतीनं केली असती तर केवढ्याला पडली असती."

हा सगळा वेडेपणा वाटेल, मलाही वाटायचा. पण त्याच्या मागे एक गोष्ट होती आणि ती मालकांनी मला एकदाच सांगितली. धरणात त्यांचं गाव गेलं तेव्हा ते लहान होते. गाव सोडावं का, म्हणून त्यांच्या वडिलांनी देवीला विचारलं, आणि देवीनं डावी दिली. पाणी काही देवीला विचारून चढत नव्हतं. मग लोकांनी देवीलाच उचललं आणि इथं रामनगरात आणून बसवलं. वडिलांचं मन नव्या जागी कधी लागलं नाही. ते अंगणात बसून म्हणत, विचारलं खरं, पण ऐकलं नाही. मालकांनी त्यातून एवढंच उचललं, की विचारायचं आणि सांगेल ते ऐकायचं. आईवडलांकडून कुणी शेत घेतं, कुणी दमा घेतं, यांनी हे घेतलं.

सायकल त्यांच्या आयुष्यात पन्नाशीनंतर आली. गोव्याकडून बेळगावला जाणारे हौशी सायकलवाले त्यांच्या दुकानासमोर चहाला थांबत. घट्ट कपडे, काळे चष्मे, आणि मेंढ्याच्या शिंगांसारखी पुढे जाऊन खाली वळलेली हँडलं. मालकांनी त्यांतल्या एकाची सायकल एका हातानं उचलून पाहिली आणि ती उचलली गेली. लोखंडात जन्म गेलेल्या माणसाला हा धक्का मोठा होता. दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. नंतर कौल लावला, उजवी पडली, आणि बेळगावच्या एका दुकानातून एक वापरलेली रेसिंग सायकल टेम्पोत बसून आमच्या आळीत आली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मालक जोयड्याच्या रस्त्याला लागत. खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी आणि टोपीवर हेल्मेट. टोपी काढून हेल्मेट घाला, असं सांगून मी थकले. जंगलातून चढउतार करत ते धरणाचं पाणी रस्त्याजवळ येतं तिथपर्यंत जात, पाण्यात हात बुडवत, तोंडावरून फिरवत आणि परत येत. या पाण्याखाली त्यांचं गाव होतं. बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलाची मोटारसायकल दारात उभी असायची. तिच्यावरून का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गाडीवर गाव भुर्रकन येतंय. आल्यावर काय, पाणीच की. सायकलीवर निदान दीड-दोन तास गावाला चाललोय असं वाटतंय." हे बोलून ते चेन पुसायला लागले.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. चहाचा पेला धरला की घसरायचा. एका रविवारी ते परत आले तेव्हा गुडघे चिखलानं माखलेले आणि हेल्मेटमध्ये भाताची रोपं. काय झालं विचारलं तर म्हणाले, शेतात उतरलो होतो. कुणाच्या, विचारलं तर म्हणाले, ओळखीचे नव्हते. खरी गोष्ट दुपारी बसच्या कंडक्टरकडून कळली. मोरीच्या अलीकडच्या उतारावर यांची बोटं ब्रेकवर वळलीच नाहीत. समोरून लाकडांचा ट्रक येत होता, आणि हे रस्ता सोडून सरळ शेतात गेले म्हणून वाचले. अक्कानं ते ऐकलं आणि गुडघ्यांना हळद लावली. संध्याकाळी तिनं भात दोनदा करपवला.

बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातली शीर दबते आहे. सायकल बंद करा म्हणजे उत्तम. नाहीच जमलं तर निदान ते हँडल बदला, ते तुमच्या खांद्याला रुंद आहे. मालकांनी यातलं फक्त दुसरं ऐकलं. खरं तर त्यात तथ्यही होतं. सायकल वापरलेली होती, आणि तिच्या आधीच्या मालकाचे खांदे आमच्या मालकांच्या दीडपट असावेत. हँडल धरलं की यांचे हात फाकायचे आणि मनगटं बाहेर मुडपायची.

आणि मग हँडल निवडायचं प्रकरण सुरू झालं. तोपर्यंत मला वाटत होतं, हँडल म्हणजे हँडल. मालकांनी मोबाइलवर बघून बघून माझं ज्ञान वाढवलं. रुंदी वेगळी, पुढचा पल्ला वेगळा, खालचं वळण किती खोल ते वेगळं. कुठलं सरळ खाली जातं, कुठलं खाली जाताना बाहेर पसरतं. रुंदी खांद्याच्या हाडांइतकी असावी, हा मुख्य नियम. मालक अंगणातल्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि अक्कानं कोळशानं दोन्ही खांद्यांच्या खुणा केल्या. श्वास घेऊन माप वेगळं आलं आणि श्वास सोडून वेगळं. भिंतीवर खुणांची रांग झाली. मग मालकांनी टोपल्या विणणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडून वेत वाकवून घेतले, वेगवेगळ्या रुंदीचे, शिंगांसारखेच. ते हातात धरून ते दुकानात बसत, गिऱ्हाइकाशी बोलत. एका लग्नात पंगतीत बसतानासुद्धा त्यांनी एक वेत मांडीवर धरला होता. वाढप्यानं त्यांना भाताबरोबर डाव्या हाताला लिंबू वाढलं तेव्हा ते म्हणाले, जरा पुढं ठेवा, पल्ला बघायचाय.

वेतांनी काही ठरेना. चाळीस धरलं की चाळीस बरं वाटे, बेचाळीस धरलं की बेचाळीस. तेव्हा देवीकडे जाणं आलं.

त्या कौलाला मीही गेले होते. गुरव म्हातारे होते आणि त्यांना प्रश्न नीट समजल्याशिवाय ते देवीपुढे तोंड उघडत नसत. मालकांनी त्यांना हँडल म्हणजे काय, सेंटिमीटर म्हणजे काय, हे बराच वेळ समजावलं. शेवटी गुरवांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, की बाये, तुझ्या लेकराच्या दोन चाकांच्या गाडीला नवी शिंगं बसवायची हायत, ती बेचाळीसची बसवली तर त्याच्या हाताला बरं वाटंल का, वाटत असंल तर उजवी दे. पाकळ्या थोडा वेळ थरथरल्या आणि उजवी पडली. मालकांनी तिथल्या तिथं बेळगावला फोन लावला.

हँडल आलं. मालकांनी ते अंगणात आडवं ठेवलं, टेप लावली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बेचाळीस होतं, पण बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. नळीच्या मधून मधापर्यंत मोजलं तर चाळीस भरत होतं. दुकानदारानं फोनवर सांगितलं की काही कंपन्या कडेपासून मोजतात, काही मधून, दोन्ही बरोबर. मालक म्हणाले, कंपन्यांचं जाऊ द्या, देवीनं कुठून मोजलं होतं?

अक्का म्हणाली, आलंय ते बसवा, हाताला कळेल. मालकांना हे पटणं शक्यच नव्हतं. देवीचं एक ऐकायचं आणि दुसरं बसवायचं, यात काय होतं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. ते पुन्हा देवळात गेले. बाये, तू म्हणालीस ते बेचाळीस मधून मधापर्यंतचं का? डावी पडली. मग कडेपासून कडेपर्यंतचं का? डावी. आता गुरव कंटाळले आणि म्हणाले, "देवी काय सुतार हाय? असलं काय विचारतोस तिला?" पण मालक मागे हटेनात. चाळीस विचारलं, चव्वेचाळीस विचारलं, खोल वळणाचं, उथळ वळणाचं. देवी डावीच देत गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी गुरवांनी पाकळ्यांचं ताट खाली ठेवलं.

ते म्हणाले, "तिला तुझ्या शिंगांत रस न्हाई. तिला दुसराच प्रश्न पायजे. तो तू इचारत न्हाईस."

दुसरा प्रश्न कुठला, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. सायकल सोडावी का? देवळात सगळे जमिनीकडे बघत बसले. मालकांनी नारळ उचलला आणि ते बाहेर आले. जन्मभर जो माणूस चपलेसाठी देवीला विचारत आला, त्याला हा एक प्रश्न विचारवेना. विचारला आणि उजवी पडली, तर सायकल सोडावी लागणार होती. मालकांच्या लेखी त्यात मागेपुढे काही नव्हतंच.

सायकल पडवीत आढ्याला उलटी टांगली गेली, जुनं हँडल काढलेलं, नवं बसवलेलं नाही. रविवार आला की मालक सकाळी आंघोळ करून टोपी घालून पडवीत बसत. त्यांनी देवळात जाणं बंद केलं. आता सगळं मीच ठरवणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि ते फार वाईट निघालं. त्यांनी स्वतःच्या मनानं घराला रंग ठरवला तो असा काही हिरवा, की वनखात्याचं ऑफिस समजून लोक दारात दाखले मागायला येऊ लागले. दुकानात कुणी पंप विचारला तर म्हणत, तुमचं तुम्ही बघा. जेवण निम्म्यावर आलं. मी त्यांची थोडी थट्टा करून पाहिली, पण ते हसले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. वेत मात्र हातात असायचा. नुसता धरून बसायचे, जोयड्याच्या रस्त्याकडे तोंड करून.

असे बरेच रविवार गेल्यावर एका मंगळवारी दुपारी अक्का बाहेरून आली. कपाळाला गंध, हातात नारळाची कवड. तिनं मालकांसमोर कवड ठेवली आणि म्हणाली, "बेचाळीस. मधून मधापर्यंत. देवीनं उजवी दिलीया."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. देवीनं आधी यालाच डावी दिली होती, असं ते म्हणाले. अक्का म्हणाली, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, आज मी विचारलं. मग त्यांनी कवडीतल्या खोबऱ्याचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला, आणि तो पूर्ण चावून होण्याआधी फोन कानाला लावला.

नवीन हँडल आलं, मालकांनी ते मधून मधापर्यंत तीनतीनदा मोजलं, त्यावर जाड पट्टी गुंडाळली, एकावर एक दोन थर. हँडलची मानही जरा वर घेतली. हाताच्या मुंग्या पार गेल्या नाहीत, पण कमी झाल्या. पेला घसरायचा थांबला. रविवारी मालक पुन्हा टोपीवर हेल्मेट घालून रस्त्याला लागले. भेटेल त्याला ते देवीची गोष्ट सांगत, की ती आधी नको म्हणाली कारण आधी माझी वेळ नव्हती. त्या उतारावर ते आता वेग अजिबात कमी करत नाहीत, असं कंडक्टर सांगायचा. देवीनं होय म्हटलंय, मग कशाला भ्यायचं, असा त्यांचा हिशोब होता.

माझी बदली हल्याळला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी अक्काकडे जेवायला गेले. रविवार होता आणि मालक सायकलवर गेले होते. मला एकटीला ताट वाढलेलं पाहून मी म्हटलं, तुम्हीही बसा. ती म्हणाली, नंतर. मी म्हटलं, दर रविवारी तुमचं नंतरच असतं. तेव्हा तिनं भाताचं पातेलं झाकलं आणि ती माझ्यासमोर बसली.

तिनं सांगितलं ते असं. त्या मंगळवारी तिनं देवीला बेचाळीस विचारलंच नव्हतं. जो प्रश्न मालक विचारत नव्हते तोच तिनं विचारला, की यांनी सायकल सोडावी का. ट्रकची गोष्ट ऐकल्यापासून देवीनंच काय ते सांगून टाकावं असं तिला वाटत होतं. गुरवांचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली. सोडावी. गुरव तिच्याकडे बघायला लागले आणि ती पाकळीकडे. घरी जाऊन हे सांगायचं होतं. सांगितलं असतं तर मालकांनी त्याच दिवशी सायकल विकली असती.

मग ती म्हणाली, "मी गुरवांना म्हटलं, पाकळी उचला. त्यांनी उचलली. आणि देवीला म्हटलं, बाये, तू सांगितलंस, मी ऐकलं. ह्यांना मी सांगणार न्हाई. ह्यांचा बा अंगणात बसून बसून गेला, मी बघितलंय. हे पडवीत बसून जाणार. त्यापरास रस्त्यावर असूं देत. ऐकलं न्हाई म्हणून काय राग काढायचा तो माझ्यावर काढ. तवापास्नं आयतवारी हे परत येईस्तवर मी तोंडात पाणी घालत न्हाई."

बेचाळीस कुठून आलं, मी विचारलं. ती म्हणाली, एक वेत घाम लागून काळा झाला होता, तोच मोजला.

या घरात देवीला विचारून तिचं न ऐकणारी एकच बाई होती, आणि देवीनंच तिला निवडून आणलं होतं. मी तिचा हात धरला. तो थंडगार होता. दुपारचा एक वाजून गेला होता आणि ती माझ्याशी बोलत असली तरी तिचे कान रस्त्याकडे होते.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. मालक सायकल हातात धरून आत आले, घामाघूम, खुशीत. मोरीच्या उतारावर आज एका जीपला मागं टाकलं, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मी म्हटलं, जरा जपून जात जा. त्यांनी सायकल फणसाला टेकवली, हँडलवरून हात फिरवला आणि माझी कीव आल्यासारखं ते म्हणाले, "बाई, देवीची उजवी हाय मला. काय हुणार न्हाई."

"व्हय," अक्का म्हणाली. ती उठली, तांब्याभर पाणी उभ्या उभ्या प्याली, आणि तिनं दोन ताटं घेतली.